ताऱ्यांचं कपाट आणि वाचकाचा शिंपी

1864 साली सत्येंद्रनाथ टागोर पत्नीला घेऊन कलकत्त्याहून मुंबईला निघाले, तेव्हा घरात मोठी अडचण उभी राहिली ती कपड्यांची. सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी तेव्हा वयाने अगदी लहान होत्या. टागोरांच्या वाड्यात बायका माजघरात एकच तलम साडी गुंडाळून वावरत. आत ना पोलकं, ना परकर. त्या वेषात उंबरठा ओलांडणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रवासासाठी फ्रेंच शिंप्याकडून एक पोशाख शिवून घेतला गेला. तो इतका अडचणीचा निघाला की एकटीने अंगात चढवणंही मुश्कील. पुढे मुंबईत एका पारशी कुटुंबात राहताना ज्ञानदानंदिनींनी तिथल्या बायकांची साडी पाहिली आणि आपल्या सोयीने तिच्यात फेरफार केले. उजवा हात मोकळा राहावा म्हणून पदर डाव्या खांद्यावर घेतला. पोलकं आणि परकर यांची जोड दिली. कलकत्त्याला परतल्यावर त्यांनी 'बामाबोधिनी पत्रिके'त जाहिरातच दिली, की ही पद्धत शिकायची असेल त्यांना शिकवू.

नामवंत घरातल्या बाईने इतर बायकांना कपड्यांबद्दल दिलेला हा जाहीर सल्ला. आज ज्याला 'सेलिब्रिटी स्टाइल गाइड' म्हणतात, त्याचा आपल्याकडचा हा फार जुना नमुना मानायला हरकत नाही. त्याचा उपयोग किती झाला हे वेगळं सांगायला नको. आज देशभर ज्या रीतीने साडी नेसली जाते, तिच्या घडणीत त्या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. तो सल्ला उपयोगी पडला, कारण अडचण खरी होती आणि तोडगा स्वतःच्या अंगावर नेसून पारखलेला होता. शिवाय त्यासाठी कुणाला ठरावीक दुकानातून ठरावीक वस्तू आणावी लागत नव्हती.

गेल्या सत्तर वर्षांत अशा मार्गदर्शकांचं प्रचंड पीक आलं. पुस्तकं आली, मासिकांतली सदरं आली, दूरचित्रवाणीवरचे कायापालटाचे कार्यक्रम आले आणि आता हातातल्या फोनवर दर मिनिटाला कुणीतरी 'असं घाला, असं घालू नका' सांगत असतं. नाशिकच्या शिक्षिकेला, पुण्यात पहिल्या नोकरीला लागलेल्या मुलाला, नागपूरच्या बँकेतल्या अधिकारी बाईंना यातून नेमकं काय मिळतं, हा खरा प्रश्न आहे. तो क्षुल्लक समजण्याचं कारण नाही. कपड्यांवर प्रत्येक घराचा पैसा जातो आणि आपण कसे दिसतो याची काळजी सगळ्यांना असते. त्या काळजीवरच हा सगळा व्यवहार चालतो.

सुरुवातीच्या पुस्तकांकडे पाहिलं तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. ती लिहिणाऱ्यांचे हात कापडाला लागलेले होते. ख्रिस्तियन दिओरचा छोटा फॅशन-कोश 1954चा. एडिथ हेडचं 'द ड्रेस डॉक्टर' 1959चं. ही बाई हॉलिवुडची वेशभूषाकार, आठ ऑस्कर मिळवलेली. जेनेव्हिएव्ह आंत्वान दारिओ पॅरिसमध्ये नीना रिचीच्या फॅशनगृहाचा कारभार पाहत. त्यांचं अकारविल्हे मांडलेलं 'अ गाइड टू एलिगन्स' 1964चं. या तिघांनीही आयुष्यभर गिऱ्हाइकांची मापं, त्यांचे हट्ट, त्यांच्या शरीरातली असमानता जवळून पाहिली होती. एक खांदा उतरता असेल तर काय करायचं, कमरेत घट्ट आणि पाठीत सैल बसणारा कपडा कुठे उसवायचा, अशा गोष्टींशी त्यांचा रोजचा संबंध होता. त्यांचे अनेक आग्रह आज जुनाट वाटतात. हातमोजे आणि टोप्यांची पानंच्या पानं तर आपल्या कामाचीच नाहीत. तरी कपडा हा शिवला जातो, बसवला जातो, जपला जातो, ही जाणीव त्या पुस्तकांमध्ये पानोपानी आहे.

दोन हजार सालानंतर मुखपृष्ठावरचा माणूस बदलला. कपडे करणाऱ्यांच्या जागी कपडे घालणारे आले. व्हिक्टोरिया बेकहॅमचं 'दॅट एक्स्ट्रा हाफ ॲन इंच' 2006 साली आलं. अमेरिकन वाहिनीवरच्या मालिकेतून प्रसिद्ध झालेल्या लॉरेन कॉनरॅडचं 'स्टाइल' 2010चं. शनेलचा चेहरा म्हणून गाजलेल्या इनेस द ला फ्रेसांजचं 'पॅरिझियन शिक' त्याच सुमाराचं. त्यात सोफी गाशे सहलेखिका. आपल्याकडे करीना कपूरचं 'द स्टाइल डायरी ऑफ अ बॉलिवुड दिवा' 2012च्या सुमारास निघालं, रोशेल पिंटो यांच्या सहलेखनासह. सहलेखक असणं गैर मुळीच नाही. पण त्यावरून पुस्तकाची घडण कळते. नाव आणि छायाचित्र तारकेचं, मांडणी पत्रकाराची. ज्या माणसांमुळे ती तारका पडद्यावर किंवा रेड कार्पेटवर तशी दिसते, ती माणसं या पुस्तकांत क्वचितच बोलतात. कटिंग मास्तर, इस्त्रीवाला, ऐन वेळी पिन लावणारी सहायक, निऱ्या घालून देणारी ड्रेपर यांच्याकडेच वाचकाच्या कामाचं सगळं ज्ञान असतं.

हिंदी सिनेमातल्या दोन गाजलेल्या गोष्टी या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. 'लव्ह इन सिमला' 1960 साली आला आणि कपाळावर बटा सोडलेला 'साधना कट' घरोघरी पोचला. साधनाचं कपाळ रुंद होतं. ते झाकावं म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर हा उपाय काढला. एका चेहऱ्याच्या एका अडचणीवरचं ते उत्तर होतं. पुढे अरुंद कपाळाच्या, गोल चेहऱ्याच्या, कुरळ्या केसांच्या मुलींनीही तोच कट करून घेतला. चित्र सगळ्यांपर्यंत गेलं, कारण मात्र स्टुडिओतच राहिलं. 'कपाळ रुंद असेल तर बटा पुढे घ्या' एवढं एक वाक्य त्या छायाचित्राखाली छापलं असतं, तर कितीतरी मुलींचा आरशासमोरचा हिरमोड टळला असता.

दुसरी गोष्ट 'ब्रह्मचारी'तल्या मुमताजच्या नारिंगी साडीची, 1968ची. ती रचना भानू अथैया यांची. नाचताना सुटू नये म्हणून ती शिवून तयार केलेली होती. साडीसारखा दिसणारा तो एक बेतलेला पोशाखच होता. प्रेक्षक मात्र साडेपाच मीटर मोकळं कापड घेऊन तोच परिणाम साधायला बघत. जमलं नाही की दोष स्वतःच्या अंगाला देत.

भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या. सुरुवातीला त्या 'फॅशन अँड ब्यूटी' आणि 'ईव्ह्ज वीकली' या नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं करत. म्हणजे सामान्य वाचक स्त्रीसाठी कपडे कागदावर उतरवण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि मग त्या सिनेमाकडे वळल्या. 'वक्त'मधल्या साधनाचे अंगासरशी बसणारे चुडीदार-कुर्ते त्यांचेच. 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना 1983 साली ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यांचं 'द आर्ट ऑफ कॉस्च्युम डिझाइन' 2010 साली इंग्रजीत निघालं. कुठल्याही तारकेच्या स्टाइल-पुस्तकापेक्षा ते अधिक शिकवतं, कारण पात्र, कापड आणि कट यांचा मेळ कसा घातला हे त्यात काम करणारी बाई स्वतः सांगते. मराठी मुलींच्या हाती हे पुस्तक जितकं पडायला हवं होतं तितकं पडलेलं नाही, ही खंत नोंदवायलाच हवी.

दूरचित्रवाणीने या सल्ल्याला नाट्य दिलं. ब्रिटनमध्ये ट्रिनी वुडॉल आणि सुझॅना कॉन्स्टंटाइन यांनी 'व्हॉट नॉट टू वेअर' 2001 साली सुरू केलं. त्याची अमेरिकन आवृत्ती 2003 ते 2013 अशी दहा वर्षं चालली आणि केबलवरून भारतातही भरपूर पाहिली गेली. त्या आवृत्तीत आलेल्या बाईला नव्या कपड्यांसाठी पाच हजार डॉलर दिले जात. तिचं जुनं कपाट डोळ्यांदेखत रिकामं केलं जाई आणि नवा बाजार झाला की केस व मेकअपसाठी व्यावसायिक हजर असत. कार्यक्रमाच्या शेवटी आरशात दिसणारा बदल खराच असे. पण तो सल्ल्याचा किती आणि पाच हजार डॉलरचा किती, हे पाहणाऱ्याला वेगळं काढता येत नसे. घरी बसलेल्या बाईकडे सल्ला तेवढा पोचे. तरीही या कार्यक्रमाने एक चांगली गोष्ट केली. विकत घेतलेला कपडा तसाच्या तसा घालायचा नसतो, तो आपल्या मापाला अल्टर करून घ्यायचा असतो, हे त्याने आठवड्यामागून आठवडा बिंबवलं. ज्या देशात घरोघरचा शिंपी कधीच नाहीसा झाला होता, तिथे हे सांगणं मोलाचं होतं. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी मशीन घेऊन बसलेला माणूस अजून आहे. कमरेत सैल पँट आणि लोंबता खांदा घेऊन फिरणाऱ्या तरुणांना त्याची आठवण करून द्यावी लागते, ही आजची परिस्थिती.

स्टाइल-पुस्तकांतले ठाम नियम कितपत खरे असतात? काहींची चाचणी झालेली आहे आणि निकाल वाचण्यासारखे आहेत.

आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो, हा तर पाठच झालेला नियम. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच आणि अरुंद भासतो. यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने 2011 साली हेच कपड्यांना लावून पाहिलं, तेव्हा आडव्या पट्ट्यांनी जाडी वाढलेली दिसते या समजुतीला आधार मिळाला नाही. दोन वर्षांनी जपानी संशोधकांनी पुढची पायरी गाठली. बारीक आकृतीवर आडव्या पट्ट्यांचा हा फायदा दिसतो, स्थूल आकृतीवर तसा दिसत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे एकच नियम सर्वांना लावता येत नाही, आणि स्टाइल-पुस्तकं तर नेमकं तेच करतात.

रंगांचं प्रकरण याहून गंभीर. कॅरोल जॅक्सनचं 'कलर मी ब्यूटिफुल' 1980 साली आलं आणि अमेरिकेत त्याने धुमाकूळ घातला. त्वचा, केस, डोळे यांच्या रंगछटांवरून माणसांची विभागणी वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा अशा चार गटांत करायची आणि प्रत्येकाला त्याचे रंग नेमून द्यायचे, अशी ती पद्धत. गोऱ्या कातडीच्या बारीकसारीक छटांसाठी त्यात तीन-तीन दालनं उघडी होती. बहुतेक आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांची रवानगी 'हिवाळ्या'त. रत्नागिरीची सावळी मुलगी, चित्पावन घरातली घाऱ्या डोळ्यांची मुलगी आणि गडचिरोलीची गर्द वर्णाची मुलगी यांना हीच पद्धत आज फोनवरच्या फिल्टरमधून पुन्हा विकली जाते आहे. आपल्याकडे तर रंगाच्या सल्ल्यामागे गोरेपणाचं जुनं दुखणं उभं असतं. 'सावळ्या रंगाला भडक शोभत नाही' हे वाक्य कित्येक मुलींनी घरातच ऐकलेलं असतं. 'फेअर अँड लव्हली' 1975 साली बाजारात आलं आणि 2020 साली त्याच्या नावातलं 'फेअर' गेलं. मधली पंचेचाळीस वर्षं लोकप्रिय चेहऱ्यांच्या जोरावरच अशा मलमांचा धंदा वाढला. हळदीसारखा पिवळा, डाळिंबी, गडद जांभळा हे रंग सावळ्या अंगावर किती खुलतात, हे पाहायला खणाचं पोलकं घातलेल्या कुठल्याही शेतकरी बाईकडे पाहणं पुरेसं आहे. जो मार्गदर्शक तिला फिके रंग घालायला सांगतो, तो टाकून द्यावा.

पुरुषांसाठीचा सल्ला बहुतेक करून नोकरीशी जोडलेला असतो. जॉन मॉलॉयचं 'ड्रेस फॉर सक्सेस' 1975चं. एकाच माणसाची दोन छायाचित्रं, एकात बेज रंगाचा रेनकोट, दुसऱ्यात काळा. यातला प्रतिष्ठित कोण, असं त्याने लोकांना विचारलं. बहुतेकांनी बेज कोटवाल्याकडे बोट दाखवलं. मॉलॉयचं श्रेय असं की त्याने स्वतःच्या आवडीवर भिस्त न ठेवता लोकांना विचारलं. पण निष्कर्ष त्या काळच्या अमेरिकन कचेऱ्यांपुरताच. मुंबईत लोकलमधून भिजत येणाऱ्या माणसाच्या रेनकोटवरून कुणी त्याचा हुद्दा ठरवत नाही.

कपडे बदलले की आत्मविश्वास बदलतो, हा तर प्रत्येक स्टाइल-पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा दिलासा. ॲडम आणि गॅलिन्स्की या संशोधकांनी 2012 साली पांढरा डॉक्टरी कोट घातलेल्या लोकांचं लक्ष अधिक एकाग्र झाल्याचं दाखवलं आणि तो अभ्यास जगभर गाजला. 2019 साली दुसऱ्या संशोधकांनी त्यातला एक प्रयोग जसाच्या तसा करून पाहिला, तर तो परिणाम दिसला नाही. चांगला कपडा घातला की बरं वाटतं, हे कुणीही सांगेल. त्यापलीकडच्या मोठ्या दाव्यांवर पैसे मोजण्याआधी थांबावं, एवढंच यातून निघतं.

आता सगळ्यात व्यवहारी भाग: हवा, माप आणि खिसा. इनेस द ला फ्रेसांजच्या यादीत पुरुषी ब्लेझर, ट्रेंच कोट, गडद निळा स्वेटर, चामड्याचं जॅकेट अशा वस्तू येतात, आणि सोबत पॅरिसच्या दुकानांचे पत्ते. पॅरिसमध्ये राहणारीसाठी हे पुस्तक चोख आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जाणाऱ्या चंद्रपुरात त्यातलं काय उरतं? नीना गार्सियाच्या 'द वन हंड्रेड'मध्ये तर प्रत्येक स्त्रीकडे असाव्यात अशा शंभर वस्तू आहेत. ही खरेदीची यादी झाली. आपल्याकडच्या इंग्रजी मासिकांनी अशा याद्या वर्षानुवर्षं जशाच्या तशा उचलल्या आणि मराठी पुरवण्यांनी त्यांचं मराठी केलं. कोकणच्या दमट हवेत अंगाला चिकटणाऱ्या सिंथेटिक कापडाबद्दल, पावसाळ्यात रंग सोडणाऱ्या बांधणीबद्दल, गर्दीच्या लोकलमध्ये फाटणाऱ्या पदराबद्दल त्यात चकार शब्द नसे.

मापाची गोष्ट तर फारच मूलभूत. अमेरिकेत 1939-40च्या सुमारास सुमारे पंधरा हजार बायकांची मापं घेतली गेली, त्यावरून 1958 साली तयार कपड्यांचं प्रमाण ठरलं आणि निरुपयोगी ठरल्यामुळे 1983 साली ते मागे घ्यावं लागलं. एका देशातल्याच बायका एका कोष्टकात बसत नाहीत, हा त्यातला धडा. भारतात तर बरीच वर्षं तयार कपड्यांचे आकार परदेशी कोष्टकांवरच चालले. केंद्र सरकार आणि 'निफ्ट' ही फॅशन-शिक्षण संस्था यांनी 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला तो अगदी अलीकडे: मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू आणि शिलाँग या सहा शहरांत, 15 ते 65 वयाच्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचा. ट्रायल रूममध्ये 'एल' बसत नाही म्हणून खट्टू होणाऱ्या मुलीला कुणीतरी हे सांगायला हवं की तो कपडा तिच्यासारख्या अंगाचा विचार करून बेतलेलाच नव्हता. स्टाइलवरच्या लेखनाने करायचं काम हेच आहे. टिम गन यांनी ते केलं. न्यूयॉर्कच्या पार्सन्समध्ये फॅशनचं शिक्षण देणारा आणि 'प्रोजेक्ट रनवे'मुळे घरोघरी माहीत झालेला हा माणूस 2016 साली अमेरिकन वृत्तपत्रात उघडपणे लिहितो, की भरलेल्या अंगाच्या बायकांसाठी कपडे न करणं ही डिझायनरांसाठी लाजिरवाणी गोष्ट आहे. प्रसिद्धीचा असा वापर करणारे थोडे.

खिशाचा प्रश्न फोनवरच्या सल्ल्याने अधिक अवघड केला. पूर्वी मासिकात जाहिरात एका पानावर आणि लेख दुसऱ्या पानावर असे. आता सल्ला हीच जाहिरात झाली आहे. जाहिरात मानक परिषदेने 2021 साली इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: पैसे, भेटवस्तू किंवा इतर कुठलाही लाभ घेतला असेल तर ते ठळकपणे सांगितलंच पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कायद्यात दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम चांगले आहेत. पण भराभर सरकणाऱ्या चित्रफितीच्या कोपऱ्यातला बारीक शब्द किती जण वाचतात?

नक्कल करण्यापुरतं बोलायचं, तर त्यासाठी मार्गदर्शकाची गरज कधी नव्हतीच. बाजार ते काम फार वेगाने करतो. 'हम आपके हैं कौन'मधली माधुरीची जांभळी साडी 1994 साली आली आणि त्यानंतरच्या लग्नसराईत ती सगळीकडे दिसली. 'होणार सून मी ह्या घरची' ही मालिका सुरू झाली आणि 'जान्हवी मंगळसूत्र' तुळशीबागेपासून तालुक्याच्या सराफापर्यंत पोचलं. दुकानदाराने एक भाग पाहिला, कारागिराला चित्र दाखवलं, काम झालं. यात आनंद आहे, हौस आहे आणि त्या हौसेला नाक मुरडण्याचं काही कारण नाही. आवडत्या नायिकेसारखं मंगळसूत्र घालून मिरवणाऱ्या बाईने कुणाचं काही बिघडवलेलं नसतं.

नामवंतांच्या कपड्यांचा खरा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो: एखादी गोष्ट पुन्हा प्रतिष्ठित करण्यात. विद्या बालनचं उदाहरण यासाठी महत्त्वाचं. 'हे बेबी' आणि 'किस्मत कनेक्शन'च्या काळात, म्हणजे 2007-08 मध्ये, पाश्चात्त्य कपड्यांवरून तिच्यावर सतत टीका झाली. चेंबूरमध्ये वाढलेल्या या मुलीने मग स्वतःला मानवेल ते शोधलं आणि 'पा', 'इश्किया'च्या सुमारापासून ती हातमागाच्या साड्यांत दिसू लागली. तिने दाखवून दिलं ते असं की तारकेलासुद्धा दुसऱ्या तारकेची शैली लागू पडत नाही. तिला पाहून किती भरलेल्या अंगाच्या मुली समारंभाला बिनदिक्कत साडी नेसू लागल्या, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. पण लग्नाच्या हॉलमध्ये तो डोळ्यांना दिसतो. गोव्याच्या वेंडेल रॉड्रिक्स यांनी लाल चौकड्यांची कुणबी साडी पुन्हा लोकांसमोर आणली आणि गोव्याच्या पेहरावाचा इतिहास 'मोदा गोवा'त लिहून ठेवला. त्यांच्या नावामुळे मागाकडे लक्ष गेलं. 2016 साली मुंबईच्या ओव्हल मैदानावर ब्रिटनच्या राजघराण्यातल्या केटने अनिता डोंगरे यांचा ड्रेस घालून क्रिकेटची बॅट हाती घेतली आणि मागणीच्या लाटेने डोंगरे यांचं संकेतस्थळ कोलमडलं. कारागिरांच्या हाताला काम मिळतं तेव्हा ही प्रसिद्धी सत्कारणी लागते.

मग उपयोगी मार्गदर्शक कुठे सापडतात? बिनताऱ्यांच्या पुस्तकांत. युद्धकाळात ब्रिटनमध्ये कापडाचं रेशनिंग झालं आणि 1943 साली सरकारने 'मेक डू अँड मेंड' ही पुस्तिका काढली. रफू कसं करावं, विरलेली कॉलर उलटून कशी लावावी, दोन जुन्या कपड्यांतून एक नवा कसा निघतो, हे तिने सांगितलं. आपल्याकडे 'झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग' या पुस्तकाने मापं घेणं आणि कापड बेतणं शिकवलं. शिवणकामाचा क्लास करणाऱ्या हजारो बायकांच्या संसाराला त्या विद्येचा हातभार लागला. त्या पुस्तकाच्या लेखकाला कुणी स्टाइल गुरू म्हटलं नाही. ऋता कपूर चिश्ती यांनी 'सारीज ऑफ इंडिया'मध्ये साडी नेसण्याच्या 108 पद्धती नोंदवल्या. त्यातून आपल्या आजीचा काष्टा हा देशातल्या एका मोठ्या परंपरेचा भाग असल्याचं कळतं. बेंगळुरूच्या दोन मैत्रिणींनी 2015 साली सुरू केलेल्या शंभर साड्यांच्या संकल्पात तर सामान्य बायकांनीच कपाटातल्या साड्या नेसून त्यांच्या आठवणी लिहिल्या. एकही नवी साडी विकत न घेता स्टाइलबद्दल इतकं जिवंत लेखन क्वचितच झालं असेल.

ताऱ्याचं नाव आणि जाणत्याचं ज्ञान एकत्र येऊ शकतं, हेही खरं. आहाराच्या क्षेत्रात ऋजुता दिवेकर यांच्या 2009च्या पुस्तकाला करीना कपूरची प्रस्तावना होती. लोकांनी पुस्तक उचललं ते कदाचित त्या नावामुळे, पण आतलं बोलणं आहारतज्ज्ञाचं होतं. म्हणून घरचं तूप आणि भात पुन्हा ताटात आला. कपड्यांच्या बाबतीत असं पुस्तक मराठीत अजून यायचं आहे.

एकूण हिशेब मांडला तर तारकांची स्टाइल-पुस्तकं मार्गदर्शक म्हणून फारशी उपयोगी नाहीत. चित्रं पाहायला, रंगांच्या जोड्या सुचायला, थोडं धाडस यायला ती ठीक आहेत. वाचनालयातून आणून चाळावीत. पैसे खर्च करायचे तर ते कपडे करणाऱ्या माणसांच्या पुस्तकांवर करावेत. पारखण्याची खूण सोपी आहे. पुस्तक 'का' सांगतं का, आणि सांगितलेली गोष्ट आपल्याकडे आधीच असलेल्या कपड्यांवर करून पाहता येते का, एवढं दोन-चार पानं उलटून बघावं.

मराठी मासिकांच्या संपादकांनी मात्र हे काम मनावर घ्यायला हवं. दिवाळी अंकात नट्यांच्या छायाचित्रांना जेवढी पानं मिळतात, त्यातली चार पानं ब्लाउज शिवणाऱ्या एखाद्या अनुभवी बाईला द्यावीत. दंडात घट्ट होणारं पोलकं का घट्ट होतं, सुती कापड शिवण्याआधी भिजवून का घ्यावं, शिवताना आत किती मार्जिन सोडायला सांगावं म्हणजे दोन वर्षांनी ते उसवून सैल करता येईल, तयार शर्ट घेताना आधी खांदा का बघावा कारण बाजू आत घेता येतात पण खांदा दुरुस्त करणं महागात जातं, हे ती सांगेल. येवल्याच्या विणकराला विचारावं. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते आणि यंत्रावरच्या नकलेच्या मागे बहुधा दोरे सुटलेले असतात, हे तो दोन मिनिटांत दाखवेल आणि वाचकाचे हजारो रुपये वाचतील. वाचकांनीही संपादकांना पत्र लिहून अशा लेखांची मागणी करावी.